न सापडलेल्या बोटाची गोळी

शालनबाईंच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. अंगठा, करंगळी आणि करंगळीच्या शेजारचं. उरलेली दोन भोसरीच्या एमआयडीसीत पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या एका लहानशा प्रेस शॉपमध्ये गेली, त्याला आता पाव शतक होत आलं. याच हातानं त्यांनी मुलाला वाढवलं, नवऱ्याचं शेवटचं आजारपण काढलं आणि आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांना वर्षानुवर्षं डबे पुरवले. कणीक मळायला मूठ लागते, बोटं लागत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा डबा न्यायला आलेला वाशीमकडचा एक फिटर म्हणाला, “मावशी, तुमच्या चपातीवर ठसे तीनच दिसतात.” शालनबाईंनी तव्यावरची नजर न काढता सांगितलं, “दोन बोटांना चिकटायचं पीठ वाचतंय न्हवं, म्हणून तर तुला एक चपाती जास्त येती. खा गुमान.”

गेल्या दिवाळीनंतर ती मूठ मिटेना. सकाळी उठलं की दोन्ही हात लाकडाचे. बोटांची पेरं सुजलेली, गरम. पाण्याचा तांब्या उचलायला दोन्ही तळवे लागायचे. थंडी असेल म्हणून त्यांनी तेल चोळून बघितलं, वाळूचा शेक घेऊन बघितला. होळी आली तरी थंडी हातातून गेली नाही, तेव्हा मुलगा प्रज्वल त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर वर्षाली वयानं तरुण, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी दोन्ही हात समोर ठेवायला सांगितले आणि एकेक सांधा चिमटीत धरून दाबून पाहिला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी आल्या तेव्हा शालनबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“हा आमवात आहे, मावशी. संधिवाताचाच एक प्रकार. म्हातारपणाची झीज वेगळी आणि हा वेगळा. हा बहुतेक वेळा जोडीनं येतो. डाव्या हाताच्या ज्या सांध्यात असेल, त्याच सांध्यात उजवीकडेही सापडतो.”

असं म्हणत डॉक्टरांची बोटं उजव्या हातावर आली, त्याच सांध्याच्या जागी गेली आणि क्षणभर हवेत थांबली. तिथे काही नव्हतं. डॉक्टर पुढच्या बोटाकडे गेल्या. ते थांबणं शालनबाईंनी पाहिलं.

औषधं दोन प्रकारची होती. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती आजाराच्या मुळावर काम करते, पण तिला महिने लागतात. तोवर दिवस निघावेत म्हणून दुसरी, ॲसिक्लोफेनॅक. सकाळ-संध्याकाळ, जेवून. तिच्याआधी पित्ताची गोळी. “ही सूज आणि दुखणं कमी करते, आजार बरा करत नाही,” डॉक्टरांनी बजावलं. “आणि सांगितली त्यापेक्षा जास्त घ्यायची नाही. पोटाच्या अस्तराला जड जाते, मूत्रपिंडालाही.”

गोळी लागू पडली. सकाळी दोन घास खाऊन घेतली की थोड्या वेळानं बोटं सुटू लागत. शिफ्ट सुटल्यावर एकेक मशीन बंद होत जावं तशी एकेक बोटातली कळ थांबायची. आधी करंगळ्या, मग अंगठे, मग डावं मधलं. शेवटी सगळं शांत झालं की त्या शांततेत एकच मशीन चालू असल्याचं कळायचं. उजव्या हाताचं मधलं बोट. जे नव्हतं ते.

अपघातानंतर काही महिने तिथे मुंग्या येत, झटके येत. मग ते सगळं विझलं होतं. आता इतक्या वर्षांनी ते बोट परत आलं होतं आणि आलं ते वाकून, तळव्यात रुतून. कुणीतरी ते दाबून धरल्यासारखं. नख तळव्यात घुसतंय असं इतकं स्पष्ट वाटायचं की शालनबाई हात उलटा करून तळव्यावर वण शोधत. गेलेलं दुसरं बोट, अंगठ्याशेजारचं, मात्र गप्प होतं. त्याची काहीच तक्रार नव्हती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. त्यांनी स्वतःच्या डोक्यानं हिशेब लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जोडीनं येतं. डाव्या मधल्या बोटाला आलं म्हणजे उजव्या मधल्यालाही आलं असणार. ते जागेवर नाही, एवढंच. मग हात दोन्ही वेळची गोळी जागेवर असलेल्या बोटांनाच वाटून टाकतो आणि त्या बोटापर्यंत काही पोचत नाही. परांड्याकडच्या त्यांच्या माहेरी एक रीत होती. घरातलं माणूस परगावी असलं तरी त्याच्या वाटणीची भाकरी थापायची, झाकून ठेवायची. वाटा चुकवायचा नाही. शालनबाईंनी त्या बोटाच्या वाटणीची गोळी सुरू केली.

आधी दुपारची एक. मग ते ऐकेना तेव्हा पहाटेची एक. औषधाच्या दुकानात रिकाम्या पाकिटाचा तुकडा दाखवला की दुकानदार तसलंच दुसरं काढून देई. एकाच दुकानात सारखं दिसू नये म्हणून त्या गल्ली बदलत. उपाशीपोटीही घेऊ लागल्या. पोटात जळजळ व्हायची, तिच्यावर गूळ खायच्या. शौचाला काळं, डांबरासारखं व्हायला लागलं, ते त्यांनी बाजरीच्या माथी मारलं.

एका सकाळी प्रज्वल चाकणच्या कंपनीच्या बससाठी बूट घालत होता. आतून तवा पडल्याचा आवाज आला. शालनबाई ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या, ओठ पांढरे, आणि उजवा हात मात्र वर धरलेला, जसा कुणी दुखरा हात धक्का लागू नये म्हणून धरतो तसा.

पोटात व्रण होता आणि त्यातून रक्त जात होतं. बाटल्या चढल्या. शालनबाई उठून बसण्याजोग्या झाल्या तेव्हा डॉक्टर वर्षाली वॉर्डात आल्या.

“गोळ्या किती घेत होता, मावशी?”

“सांगितल्या तेवढ्याच.”

प्रज्वलनं घरातून शोधून आणलेली पिशवी खाटेवर उपडी केली. रिकाम्या पाकिटांचा ढीग पडला. “आणि ह्या?” त्यानं विचारलं.

“त्या माझ्या न्हाईत,” शालनबाई म्हणाल्या आणि उजवा हात थोडा उचलला. “त्याच्या हैत.”

प्रज्वल हसणार होता. डॉक्टरांचा चेहरा बघून तो थांबला. डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. कुठलं बोट, कसं दुखतं, कधी दुखतं, सगळं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा शालनबाईंनी ते मोठ्यानं सांगितलं.

“वेड लागलं न्हाई मला,” शेवटी त्यांनी जोडलं.

“नाही लागलं. अवयव जातो, पण मेंदूत त्याची जागा तशीच राहते. दुखणं खरं असतं. खोटं आहे असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण ही गोळी सुजेवर काम करते. जिथे सांधाच नाही तिथे सूज नाही. मग तुम्ही घेतलेली गोळी जाणार कुठे?”

“पोटात गेली,” प्रज्वल म्हणाला.

“पोटातच गेली. आता ही गोळी तुम्हाला कायमची बंद. हिच्या जातीची दुसरीही नाही. पुन्हा ती जखम उघडली तर दवाखान्यापर्यंत पोचाल, याची खात्री मी देणार नाही.” मग उठता उठता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खालच्या मजल्यावर व्यायामाच्या विभागात या दुखण्यावर आरशाचा एक उपाय करतात, बरं वाटलं की या.

आरसा. शालनबाईंना वाटलं, बाईंनी थट्टा केली.

घरी आल्यावर प्रज्वलनं फडताळ, देव्हाऱ्यामागची जागा, पिठाचा डबा, सगळं धुंडाळून गोळ्या काढून नेल्या आणि गल्लीतल्या औषधवाल्यांना सांगून ठेवलं. जिवंत बोटं साध्या औषधावर आणि कोमट पाण्यावर कशीबशी निभत. आठवड्याची गोळीही हळूहळू धरायला लागली होती. पण उजवं मधलं बोट आता दिवसभर मुठीत वळलेलं असायचं. आधी ते फक्त सकाळचं यायचं; आता ते राहायलाच आलं होतं. शालनबाई बोलता बोलता थांबत, डाव्या हातानं उजव्या हातापुढची हवा चाचपत आणि कुणी बघतंय का ते बघत.

शेजारच्या विमलबाईंनी बघितलं. त्या पापड घेऊन आल्या होत्या.

“तेव्हा बोटांचं काय केलं होतं तुमच्या?” त्यांनी विचारलं.

“काय म्हंजे?”

“म्हणजे अग्नी दिला, पाण्यात सोडली, काय केलं? माणसाचं आपण सगळं रीतसर करतो. बोटं म्हणजे माणसाचीच ना? त्यांचं काही केलंच नसेल तर ती बिचारी जातील कुठं? दहीभात तरी ठेवायचा.”

शालनबाईंना आठवत होतं ते एवढंच. पत्र्याची शेड. पायानं दाबायचा दांडा. दुचाकीच्या सीटखाली बसणारी एक लोखंडी पट्टी, तिला दोन भोकं पाडायची आणि काटकोनात वाकवायची. पट्टी धरायला चिमटा दिलेला होता, पण चिमट्यानं हात चालत नाही, नग कमी निघतात. म्हणून सगळ्याजणी बोटांनीच पट्टी सरकवत आणि कुणी तपासायला आलं की चिमटे हातात घेत. ते मशीन कधी कधी पाय न लावता दुसऱ्यांदा खाली यायचं. डबल मारतंय, असं म्हणायचे. सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी त्यानं डबल मारलं. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, हे शालनबाईंना आजही नीट आठवतं. मग रिक्षा, मांडीवर कुणाचा तरी शर्ट, आणि पुढे काही नाही. त्या शेडमध्ये त्या परत गेल्याच नाहीत. बोटं भंगाराच्या पिंपात गेली असणार, पत्र्याच्या कातरणाबरोबर भट्टीत वितळली असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

पण त्या दिवशी मशीनमधला साचा खोलणारा माणूस अजून भोसरीतच होता. चांदभाई. प्रेस शॉपमध्ये साचे बसवणारा डाय-सेटर. पुढे त्यांनी ड्रिल आणि टूलना धार लावून द्यायचं छोटं दुकान टाकलं, आता ते मुलगा सांभाळत होता. बाजारात दोघांची कधी गाठ पडली तर ख्यालीखुशाली व्हायची. हाताचा विषय दोघंही काढत नसत.

चांदभाई दुकानाच्या वर राहायचे. शालनबाई जिना चढून आल्या तशी त्यांनी हाक मारली, “फरीदा, बघ कोण आलंय! शिफ्ट कधीची सुटली, अन् बाई आज हजेरी लावायला आल्या.”

“तुमची हजेरी लागती का अजून?” शालनबाईंनी विचारलं. “दाढी पार पांढरी केली की.”

“ही गुडघ्यांनी केली. जिना उतरायचा म्हटलं की अल्ला आठवतो.”

फरीदाभाभींनी चहा ठेवला. आजारपणाची चौकशी झाली. शालनबाईंनी कप दोन्ही तळव्यांत धरला आणि एकदम विचारलं, “चांदभाई, माझी बोटं कुठं टाकली होती?”

चांदभाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला.

“टाकलं नाही,” ते म्हणाले. “आमच्यात अंगाचा तुकडा टाकत नाहीत. कापडात गुंडाळून मातीत ठेवतात. तुमच्यात काय करतात ते विचारायचं होतं, पण विचारू कुणाला? तुम्हाला तर घेऊन गेले होते. मग मला येत होतं ते केलं. मागच्या भिंतीला कडुनिंब होता. त्याच्याखाली. नवीन कापड नव्हतं, माझा रुमाल धुतलेला होता.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“तुम्ही आलाच नाहीत. आणि रस्त्यात भेटल्यावर काय सांगू, बाई? भाजी काय भावानं घेतली, अन् तुमचं बोट मी पुरलं?”

फरीदाभाभी हळू आवाजात काहीतरी पुटपुटल्या. शालनबाईंचं लक्ष एका शब्दावर अडकलं होतं.

“बोट?” त्या म्हणाल्या. “एक?”

चांदभाई खिडकीबाहेर बघू लागले. खाली ग्राइंडरचा आवाज चढला आणि उतरला.

“एकच सापडलं. दुसरं लई शोधलं. साचा खोलला, खालची जाळी काढली, कातरणाचं पिंप उलटं केलं. तयार नगांच्या क्रेटमध्ये हात घालणार, तेवढ्यात शेठ आला. बाहेर गाडी उभी होती, माल आजच जायला पाहिजे. रॉकेलनं मशीन पुसलं, चालू केलं. क्रेट गाडीत चढली. मी बघत होतो.” ते थांबले. “त्या क्रेटमध्ये असेलच असं नाही. पण दुसरं कुठं नव्हतं.”

“कंचं सापडलं?”

“आता काय सांगू, बाई. बोट ते बोट.”

“आठवा.”

चांदभाईंनी डोळे मिटले. “टिंब होतं त्याच्यावर. पाठीमागं, नखाच्या वर. बारीक, हिरवं. मला आधी ऑइलचा डाग वाटला. मी पुसत होतो. निघेना.”

शालनबाईंनी कप खाली ठेवला. जत्रेत गोंदवलेलं ते टिंब अंगठ्याशेजारच्या बोटावर होतं. जे कधीच दुखलं नव्हतं त्या बोटावर. मधल्यावर काही नव्हतं. आणि या टिंबाचं त्यांनी चांदभाईंना सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही.

कुठलं बोट दुखतं आणि टिंब कुठल्यावर होतं, ते त्यांनी सांगितलं. फरीदाभाभींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

दोन दिवसांनी शालनबाई आणि चांदभाई रिक्षानं त्या शेडवर गेले. विमलबाईंनी आग्रहानं डब्यात दहीभात दिला होता. शेड आता शेड नव्हती. प्लास्टिकचं पॅकिंग बनवणारी कंपनी, काचेचा दरवाजा. कडुनिंब तोडलेला होता. त्या जागी सिमेंटचा चौथरा आणि त्यावर जनरेटर. दारावरच्या सुरक्षारक्षकानं विचारलं, “कोणाला भेटायचं?” चांदभाईंनी शालनबाईंकडे बघितलं. शालनबाई म्हणाल्या, “भेटलो.”

कंपाउंडबाहेर भिंतीला लागून एक चहाची टपरी होती. तिच्या बाकावर दोघं बसले. जनरेटर भिंतीपलीकडे सुरू झाला. बाक थरथरू लागला. शालनबाईंनी डबा मांडीवर धरला होता, पण उघडला नाही. भिंतीपलीकडे जे होतं ते धुतलेल्या रुमालात होतं, झाडाखाली ठेवलेलं होतं. त्याला भूक नव्हती. भूक होती ती दुसऱ्याला आणि त्याच्यासाठी डबा कुठे ठेवायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून दुचाक्या जात होत्या. जुन्या, नव्या, डबल सीट, गॅस सिलिंडर बांधलेल्या. शालनबाई प्रत्येकीच्या सीटखाली बघत होत्या. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मान फिरवली.

“दहीभात आहे ना त्यात?” चांदभाईंनी विचारलं.

“व्हय.”

“मग द्या मला. सांडायचा कशाला? पोटात सकाळपासून काही नाही, अन् गोळी घ्यायचीय गुडघ्याची.”

शालनबाईंनी डबा दिला. ज्याच्यासाठी भात केला होता त्याच्या ऐवजी चांदभाई तो जेवले, स्वच्छ, शीतही न ठेवता. मग खिशातून पाकीट काढलं. शालनबाईंनी ते लांबूनच ओळखलं. ॲसिक्लोफेनॅक.

“रिकाम्यापोटी घेत जाऊ न्हका,” त्या म्हणाल्या. “मला बघा.”

“म्हणून तर भात मागितला.” चांदभाईंनी गोळी गिळली आणि शालनबाईंच्या हाताकडे बघितलं. उजवा हात पदराखाली होता, पण खांद्यापर्यंत आखडलेला दिसत होता. “लई दुखतंय?”

“आत्ता लई.”

चांदभाईंनी पाकिटातून एक गोळी फोडून पुढे केली. “घ्या. एकानं काय होतंय.”

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते शालनबाईंनी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी दिली नसती. शालनबाईंनी गोळी हातात घेतली. तोंडात टाकली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

ती गोळी मिठाच्या बरणीमागे राहिली. प्रज्वलचं तिथे आधीच शोधून झालं होतं, म्हणून ती जागा सुरक्षित होती. शालनबाई येता-जाता बरणी सरकवून बघत. गोळीनं ते बोट ऐकत नाही हे त्यांना आता चांगलंच कळलं होतं. तरी ती तिथे आहे म्हटल्यावर जरा धीर वाटायचा. त्याचा वाटा घरात होता.

तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या, एकट्याच, आणि खालच्या मजल्यावर आरशाचं काय ते विचारलं. तिथल्या बाईनं दाखवलं. आरसा छातीसमोर, दोन्ही हातांच्या मधोमध उभा धरायचा. उजवा हात त्याच्या मागे, दिसणार नाही असा. डावा समोर. आणि आरशात बघत डावा हात सावकाश हलवायचा. आरशात तो उजव्यासारखा दिसतो. मेंदू फसतो. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही. दवाखान्यात गर्दी होती, कुणाचं तरी मूल रडत होतं. शालनबाईंना आरशात नुसता हात दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट इतकं वळलं की त्यांना घाम फुटला. प्रज्वल आंघोळीला गेला होता. त्यांनी बरणी सरकवली, गोळी काढून ओट्यावर ठेवली, भांड्यात पाणी घेतलं. मग प्रज्वलचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला आणि पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. आधी हे, मग ते, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

उजवा हात मागे. डावा समोर. खिडकीतून ऊन आलं होतं.

आरशात उजवा हात होता, पाच बोटांचा. अंगठ्याशेजारच्या बोटावर टिंब नव्हतं. ते सिमेंटच्या चौथऱ्याखाली होतं, ते इथे येणार नव्हतं. शालनबाईंनी ते सोडलं आणि मधल्याकडे बघितलं.

इतकी वर्षं ते बोट त्यांच्या मनात होतं तसंच होतं. सरळ, बारीक, तिशीच्या बाईचं. पट्टी सरकवता सरकवता गेलेलं. आरशात होतं ते तसं नव्हतं. मुळाशी सुजलेलं. पेर जाड, टोक बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेलं, कातडीवर सुरकुत्या. जोडीनं येतो, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते जिथे कुठे होतं तिथे त्याला सगळं झालं होतं.

“तूबी म्हातारं झालंस व्हय,” शालनबाई म्हणाल्या.

त्यांनी डावी मूठ वळली. आरशातलं बोट वळलं आणि मागच्या बाजूला, जिथे काही नव्हतं तिथे, नख तळव्यात आणखी रुतलं. त्यांच्या तोंडून आवाज निघाला. मग त्यांनी मूठ उघडायला घेतली. सूज होती, डावं बोटही सहज उघडत नव्हतं. दोन्ही एकाच चालीनं, अडत अडत सरळ होत गेली. कुठेतरी मध्ये नख उचलल्यासारखं झालं. एकदाच, थोडं. त्यांनी पुन्हा वळलं, पुन्हा उघडलं. डोळे आरशावरून हलवले नाहीत, पापणी लवली तर ते जाईल असं वाटत होतं.

दुखणं गेलं नाही. त्याची पकड सैल झाली, इतकंच, आणि दुपारपर्यंत ती परत आवळेल हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डावा हात बाजूला घेतला तशी आरशात नुसती भिंत आणि कॅलेंडर राहिलं.

भांड्यातलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं. गोळी ओट्यालगतच्या मोरीत टाकली आणि नळ सोडला. ती लगेच गेली नाही. जाळीवर अडकून पांढरी होत विरघळत राहिली. शालनबाई ती पूर्ण जाईपर्यंत उभ्या होत्या.

प्रज्वल डोकं पुसत बाहेर आला. बसची वेळ झाली होती. “आई, माझा आरसा कुठाय?”

“तिथं पिठाच्या डब्यापाशी हाय. हलवू न्हको त्याला.” शालनबाईंनी परात पुढे ओढली. “तू दाढी मोबाइलमध्ये बघून कर.”

“आणि आरसा?”

“तो लागतोय,” त्या म्हणाल्या आणि पिठात पाणी घातलं.